स्टिकी सेशन लावूनही अर्ज मधेच पुसले गेले. सेशन नेमकं ठेवायचं कुठे?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

आम्ही तिघं मिळून ऑनलाइन अर्ज भरायची एक वेबसाइट सांभाळतो. पाच पानांचा अर्ज: नाव-पत्ता, शिक्षण, उत्पन्न, फोटो-सही, आणि शेवटी सगळं तपासून 'सादर करा'. पीएचपीत लिहिलेली, दोन वर्षं एकाच सर्व्हरवर बिनबोभाट चाललेली. यंदा गर्दी वाढणार म्हणून क्लाउडवर नेली. पुढे लोड बॅलन्सर (येणारी रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरला द्यायची ते ठरवणारा), मागे दोन सर्व्हर. पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू: दुसऱ्या पानावरून पुढे गेलं की परत लॉगिन विचारतंय. कारण लगेच सापडलं. सेशनच्या, म्हणजे हा माणूस कोण आणि कुठवर आलाय याच्या नोंदीच्या, फाइली ज्या-त्या सर्व्हरच्या डिस्कवर. पहिलं पान एकाने घेतलं, दुसरं दुसऱ्याकडे गेलं, आणि त्याच्या लेखी हा माणूस अनोळखी.

मग स्टिकी सेशन चालू केलं, म्हणजे एका माणसाला दरवेळी त्याच सर्व्हरकडे पाठवायचं, मुदत एक दिवस. तक्रारी बंद.

शेवटच्या तारखेला ऑटोस्केलिंगने (गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवणारी-कमी करणारी सोय) दोनाचे सहा सर्व्हर केले. मी आकडे बघत बसलो होतो. जुने दोन सीपीयूच्या ९५ आणि ९३ टक्क्यांवर, नवे चार जेमतेम दहावर. दुपारी जुन्यांपैकी एक पडला आणि त्याच्यावरचे सगळेच्या सगळे एका झटक्यात बाहेर फेकले गेले. एका ताईंचा फोन आला. चार पानं भरून झाली होती, फोटो चढवून झाला होता, आणि समोर परत पहिलं पान. त्या रागावल्या नव्हत्या. "पुन्हा सगळे कागद काढून बसू का?" एवढंच विचारत होत्या. तो आवाज अजून कानात आहे.

माझे प्रश्न: राउंड रॉबिन (आळीपाळीने एकेका सर्व्हरला पाठवणं) सोडून, ज्याच्याकडे सगळ्यात कमी रिक्वेस्ट चालू आहेत त्याला पाठवणारी पद्धत लावू का? स्टिकीची मुदत कमी करू का? की हे सगळंच चुकीच्या दिशेने चाललंय?

रात्रपाळी

पद्धत बदलून या बाबतीत काहीही फरक पडणार नाही. का ते सांगतो.

राउंड रॉबिन असो की दुसरं काही, ती पद्धत फक्त पहिल्या रिक्वेस्टला विचारली जाते. त्या रिक्वेस्टच्या उत्तरासोबत लोड बॅलन्सर ब्राउझरला एक कुकी (ब्राउझरने जपून दरवेळी परत दाखवायची छोटी नोंद) देतो आणि तिथून पुढे कुकी सांगेल तो सर्व्हर. म्हणजे तुमच्याकडे वाटप करणारे दोघं आहेत, आणि जुन्या माणसांच्या बाबतीत दुसऱ्याचाच शब्द चालतो. नवे चार सर्व्हर आले तेव्हा सकाळपासून बसलेले सगळे लोक आधीच जुन्या दोघांना चिकटलेले होते. नव्यांच्या वाट्याला फक्त त्यानंतर आलेली माणसं.

मुदतीचंही तसंच. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये ही मुदत १ सेकंदापासून ७ दिवसांपर्यंत ठेवता येते, पण ती प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने मोजायला सुरुवात होते. एक तासाची मुदत ठेवलीत आणि माणूस दर दहा मिनिटांनी एक पान भरत राहिला, तर तो कधीच सुटत नाही. 'एक दिवस' याचा अर्थ एक दिवसाने सुटतो असा नाही, एक दिवस काहीच केलं नाही तर सुटतो असा.

आता मला एक शंका आहे. तुम्ही लिहिलंय की जुना सर्व्हर पडला. पडला की काढला? तुमचे आकडे घ्या: ९५ अधिक ९३ अधिक चार वेळा दहा, भागिले सहा. सरासरी ३८. ऑटोस्केलिंग बहुतेक ठिकाणी सरासरी बघतं. दोन सर्व्हर जळताहेत हे त्याला दिसतच नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की सहा सर्व्हर आहेत आणि सरासरी काम कमी आहे. स्केलिंगच्या नोंदी उघडा आणि त्या वेळेला काय लिहिलंय ते इथे सांगा.

नवीन_पाटी

मी शिकतोय, म्हणून मुळातला प्रश्न. लोड बॅलन्सर कोण कुठे चिकटलंय याची यादी ठेवतो का? लाखभर लोक आले तर ती यादी केवढी होईल? आणि कुकी कशाला, आयपी पत्त्यावरूनच ओळखलं तर?

कंसातला

चांगला प्रश्न आहे.

कुकीच्या पद्धतीत यादी ठेवावी लागत नाही, हीच तिची गंमत. 'हा माणूस अमुक सर्व्हरचा' ही खूण कुकीतच असते, बहुधा सांकेतिक रूपात. माणूस स्वतःची चिठ्ठी स्वतःच घेऊन फिरतो. लोड बॅलन्सरच्या दहा प्रती असल्या तरी दहाही जणांना ती चिठ्ठी वाचता येते. नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीत १९९४ साली कुकी काढली गेली ती याच अडचणीपायी: एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट आठवत नाही, मग आठवण ब्राउझरकडे ठेवा. एचएप्रॉक्सीसारख्या लोड बॅलन्सरांत खरोखरच तक्ता ठेवायचीही सोय आहे, त्याला स्टिक टेबल म्हणतात, पण मग तो तक्ता सगळ्या प्रतींमध्ये जुळवत ठेवावा लागतो.

आयपीचं म्हणाल तर मी ती पद्धत नाइलाज असेल तरच वापरतो. एका मोठ्या कार्यालयातली पाचशे माणसं बाहेर एकाच पत्त्याने दिसतात. मोबाइल कंपन्या तर हजारोंना एका पत्त्यामागे ठेवतात, आणि त्यासाठी आतल्या बाजूला वापरायचे पत्ते २०१२ च्या आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात वेगळे राखून ठेवलेत. म्हणजे पाचशे लोक एकाच सर्व्हरवर जाऊन बसणार. उलट बाजूला, एकच माणूस घरच्या वायफायवरून बाहेर पडला की त्याचा पत्ता बदलतो आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर जातो. ज्याला चिकटवायचं तो सुटतो, आणि ज्यांना पसरवायचं ते एकत्र येतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधलं आयपी हॅश (पत्त्यावरून आकडा काढून सर्व्हर ठरवणं) तर आयपी-४ पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतं, म्हणजे शेजारशेजारचे २५६ पत्ते त्याच्या लेखी एकच. चाचणी करताना "सगळं एकाच सर्व्हरवर का जातंय" म्हणून लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात ते यामुळे. सगळी यंत्रं एकाच जाळ्यातली असतात.

अ‍ॅझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या लोड बॅलन्सरमध्ये मूळ पद्धत पाच गोष्टींच्या हॅशची आहे: दोन्हीकडचे पत्ते, दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल. त्यामुळे त्याच माणसाने नवं कनेक्शन उघडलं की पोर्ट बदलतो आणि तो कुठेही जाऊ शकतो. चिकटवायचं असेल तर दोन किंवा तीन गोष्टींचा हॅश निवडावा लागतो. कुबरनेटिसच्या (अनेक यंत्रांवर ॲप चालवणाऱ्या प्रणालीच्या) सर्व्हिसमध्ये क्लायंट आयपीवर चिकटवता येतं आणि तिथली ठरलेली मुदत १०८०० सेकंद, म्हणजे तीन तास.

आणि पुढे सीडीएन (पानांच्या प्रती लोकांच्या जवळ ठेवणारं जाळं) किंवा आणखी एखादा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असेल तर लोड बॅलन्सरला माणसाचा नाही, त्या प्रॉक्सीचाच पत्ता दिसतो. तेव्हा आयपीवर चिकटवणं म्हणजे शुद्ध अंधारात तीर.

नवीन_पाटी

खूप आभार. हॅशमध्ये सर्व्हर वाढवला तर काय होतं? पत्ता तोच राहिला तरी माणूस हलतो का?

कंसातला

हलतो, आणि किती हलतो ते कागदावर करून बघा, पटकन डोक्यात बसेल. साधा हॅश म्हणजे आकडा भागिले सर्व्हरची संख्या, आणि बाकी येईल तो सर्व्हर. ० ते १९ असे वीस आकडे लिहा. चारने भागून बाकी लिहा, शेजारी पाचने भागून बाकी लिहा. दोन्ही बाक्या सारख्या फक्त ०, १, २, ३ याच आकड्यांना येतील. म्हणजे चाराचे पाच सर्व्हर केले की वीसपैकी सोळा माणसं जागची हलली. फक्त एक सर्व्हर वाढवला होता!

यावर उपाय १९९७ मध्ये कन्सिस्टंट हॅशिंग या नावाने मांडला गेला. त्यात नव्या सर्व्हरच्या वाट्याला यायला हवीत तेवढीच माणसं हलतात, या उदाहरणात साधारण पाचातला एक. गूगलने आपल्या मॅग्लेव्ह या लोड बॅलन्सरची रचना २०१६ साली प्रसिद्ध केली, त्यातही याच जातीचा हॅश आहे. पण 'साधारण पाचातला एक' म्हणजे शून्य नव्हे, हे विसरू नका. ज्याचं सेशन हललं त्याला तो एकच पुरेसा आहे.

ध्रुवपद

थोडं वेगळं मत मांडतो. आता कोणीतरी येऊन "स्टिकी सेशन वाईट, सेशन रेडिसमध्ये टाका" म्हणेल, म्हणजे सगळ्या सर्व्हरना सामाईक अशा मेमरीतल्या साठ्यात. मी वीसेक जुन्या प्रणाल्या सांभाळल्या आहेत. त्यातल्या काहींचा कोड लिहिणारा माणूस आता नाही, कोड बदलायची परवानगी नाही. तिथे स्टिकीनेच वर्षानुवर्षं तारलंय. शिवाय काही कामांना ते लागतंच. सॉकेट आयओ (ब्राउझर-सर्व्हरमधल्या थेट संवादाची लायब्ररी) आधी लाँग पोलिंगने, म्हणजे उत्तर येईपर्यंत उघड्या ठेवलेल्या रिक्वेस्टनी, सुरुवात करतं, त्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या सर्व्हरवर गेल्या की 'सेशन आयडी माहीत नाही' म्हणून ४०० हा चुकीचा संकेत देणारा कोड येतो. मोठी फाइल तुकड्यांनी चढवताना सगळे तुकडे एकाच डिस्कवर पडले तर जोडणं सोपं. सर्व्हरच्या मेमरीत तापलेली कॅश (हाताशी भरून ठेवलेली माहिती) असेल तर त्याच माणसाला तिथेच परत आणण्यात फायदाच आहे.

आणि रेडिस म्हणजे आणखी एक पडणारी गोष्ट. सर्व्हर पडला तर सहातला एक हिस्सा बाहेर जातो, रेडिस पडलं तर सगळे.

रात्रपाळी

ध्रुवपद, तुमच्याशी बराचसा सहमत आहे. माझी कसोटी एकच आहे आणि ती मी प्रत्येक प्रणालीला लावतो: भर दुपारी कुठलाही एक सर्व्हर बंद केला तर माणसाचं काय जाईल? एखादं पान अर्धा सेकंद उशिरा उघडेल, कॅश पुन्हा तापवावी लागेल, एवढंच असेल तर स्टिकी खुशाल ठेवा. तासाभराचं काम जाणार असेल तर ते काम चुकीच्या जागी ठेवलंय. मग स्टिकीने ती चूक फक्त झाकली.

कारण चिकटून राहायचं वचन कोणीच पूर्ण देत नाही. गूगल क्लाउडच्या दस्तऐवजात तर स्वच्छ लिहिलंय की सेशन अफिनिटी (स्टिकीचंच तिथलं नाव) जमेल तितकी पाळली जाते. मागचा सर्व्हर आजारी ठरला किंवा त्याची क्षमता भरली की ती तुटते. तुटणं हा अपवाद नाही, व्यवहाराचा भाग आहे. आणि तुमच्या जुन्या प्रणालीत सर्व्हरची संख्या ठरलेली होती. अर्धविरामांकडे ती तासातासाला बदलते. फरक तिथे आहे.

रेडिसचा मुद्दा मात्र रास्त. त्याची दुसरी प्रत ठेवायलाच हवी.

खिडकी

फ्रंटएंडवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगते, कारण स्टिकी 'चालू' असूनही माणूस चिकटत नाही तेव्हा सगळे सर्व्हरकडे बघतात आणि दोष ब्राउझरकडे असतो.

कुकी परत आली तरच चिकटणार. अर्जाचं पान एका उपडोमेनवर आणि एपीआय (पानाला माहिती देणारा भाग) दुसऱ्या उपडोमेनवर असेल, तर फेच (पानातून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायची ब्राउझरची सोय) मुळात फक्त त्याच ओरिजिनला, म्हणजे पानाच्याच पत्त्याला, कुकी पाठवतं, इतरांसाठी क्रेडेन्शियल्स हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. ते विसरलं की प्रत्येक कॉल नव्या माणसाचा, दरवेळी नवा सर्व्हर. मोबाइल ॲपमध्ये एचटीटीपी लायब्ररी कुकी साठवत नसेल तरी तेच.

दुसरं, पैसे भरून परत येणं. पैसे भरायचं पान दुसऱ्या साइटवर असतं आणि ते बरेचदा पोस्ट (माहिती सोबत घेऊन जाणारी रिक्वेस्ट) करून माणसाला परत पाठवतं. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं, तेव्हापासून सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, हे सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी लॅक्स, म्हणजे मधल्या कडकपणाची, समजायला सुरुवात झाली, आणि लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही. म्हणजे ऐन पैसे भरून आलेला माणूस चिठ्ठीशिवाय येतो आणि भलत्याच सर्व्हरवर उतरतो. एडब्ल्यूएसने त्या सुमारास दुसरी एक कुकी द्यायला सुरुवात केली, नावाच्या शेवटी 'कॉर्स' असलेली, ती याच कारणासाठी. पण तुमच्या लॉगिनच्या कुकीचं काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस यातच होतो. जे सापडलं ते जसंच्या तसं लिहितो.

रात्रपाळी, तुमची शंका खरी निघाली. सर्व्हर पडला नव्हता. स्केलिंगच्या नोंदीत स्वच्छ लिहिलंय: सरासरी सीपीयू ४० टक्क्यांखाली, एक सर्व्हर कमी केला. आणि कमी केला तो ९३ टक्क्यांवरचा. ४० चा आकडा मीच टाकला होता. आम्ही तो पडला असं समजत होतो कारण तो दिसेनासा झाला. डिस्कही त्याच्याबरोबर गेली, त्यामुळे त्या ताईंचा मसुदा परत मिळायची सोयही उरली नाही.

मग चाचणी केली. प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये सर्व्हरचं नाव छापलं आणि कर्ल या कमांडने तीस रिक्वेस्ट सोडल्या. कुकी न साठवता: दोन सर्व्हरवर पंधरा-पंधरा. कुकी साठवून: तीसच्या तीस एकाच ठिकाणी. तेव्हाच पद्धत बदलण्याचा विचार डोक्यातून गेला.

पण खरा धक्का पुढे आहे. एका सर्व्हरवर सेशनच्या फोल्डरात जाऊन माझ्याच चाचणी अर्जाची फाइल उघडली. मला वाटत होतं त्यात वापरकर्त्याचा क्रमांक आणि फार तर भाषा असेल. त्यात सगळा अर्ज होता. चारही पानांची उत्तरं, एकाखाली एक, आणि सर्वांत खाली फोटोचा मार्ग: त्याच सर्व्हरच्या तात्पुरत्या फोल्डरातला. डेटाबेसमध्ये 'सादर करा' दाबेपर्यंत एक ओळही जात नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीच तसं लिहिलं होतं, घाईत, आणि एकच सर्व्हर असल्याने ते कधी उघडं पडलं नाही.

म्हणजे मी सेशन रेडिसमध्ये हलवलं असतं तरी फोटो जुन्याच डिस्कवर राहिला असता. चौथ्या पानापर्यंत सगळं ठीक दिसलं असतं आणि पाचव्यावर फोटो गायब.

आणखी एक. पीएचपीत सेशनची ठरलेली आयुमर्यादा १४४० सेकंद आहे, म्हणजे २४ मिनिटं. आम्ही ती कधी बदललीच नव्हती. स्टिकीची कुकी माणसाला दिवसभर त्याच सर्व्हरकडे नेत होती, पण उत्पन्नाचा दाखला शोधायला उठलेला माणूस अर्ध्या तासाने परत आला तर तिथली फाइल एव्हाना साफ झालेली असू शकत होती. या तक्रारी आम्ही "इंटरनेट गेलं असेल" म्हणून सोडून दिल्या होत्या. त्या सगळ्या लोकांची आता मनोमन माफी मागतो.

रात्रपाळी

इतकं मोकळेपणाने लिहिलंत हे फार चांगलं केलंत, हा धागा पुढे अनेकांना उपयोगी पडेल.

आता तुम्हाला दिसतंय की 'सेशन' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी होत्या. हा माणूस कोण, हे खरं सेशन, ते रेडिसमध्ये किंवा तसल्या सामाईक जागी. त्याने भरलेली उत्तरं म्हणजे सेशन नाहीच, ती त्याची माहिती आहे. ती प्रत्येक पानाला डेटाबेसमध्ये 'मसुदा' म्हणून जायला हवी. आणि फोटो सामाईक ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे सर्व्हरबाहेरच्या फाइलींच्या साठ्यात. हे केलंत की लॉगिन गेलं तरी माणूस पुन्हा लॉगिन करून सोडलं तिथून पुढे जाईल. मग फोन करून कोणाला कागद काढायला सांगावं लागणार नाही.

रेडिसबद्दल दोन सूचना, दोन्ही हात पोळून शिकलेल्या. पीएचपी फाइलमध्ये सेशन ठेवतं तेव्हा ती फाइल कुलूपबंद करतं, एकाच माणसाच्या दोन रिक्वेस्ट एकामागून एक चालतात. पीएचपी-रेडिसच्या विस्तारात हे कुलूप मुळात बंद असतं, चालू करावं लागतं. नाहीतर पान न बदलता मागून जाणारे दोन एजॅक्स कॉल एकाच वेळी सेशन लिहितात आणि मागून येणारा आधीच्याचं पुसतो. दुसरी: सेशनचं आणि कॅशचं रेडिस एकच ठेवू नका. मेमरी भरली की काहीही फेकून द्या असा नियम कॅशला ठीक आहे, पण त्यात लोकांची सेशन फेकली जातात आणि गर्दीच्या वेळीच लोक आपोआप लॉगआउट होतात. कारण शोधून सापडत नाही.

नवीन_पाटी

सेशनच नको, जेडब्ल्यूटी (सही केलेलं, ब्राउझरकडेच राहणारं ओळखीचं टोकन) वापरलं तर? सर्व्हरकडे काहीच ठेवायला नको.

खिडकी

ओळख पटवण्यापुरतं चालेल. पण एकदा दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत खरंच राहतं. माणसाने 'लॉगआउट' दाबलं किंवा त्याचं खातं बंद केलं, तरी ते रद्द करायला कुठेतरी यादी ठेवावीच लागते, म्हणजे फिरून सामाईक जागा आलीच. आणि ब्राउझर कुकीला साधारण ४ किलोबाइटची मर्यादा ठेवतात. पाच पानांचा अर्ज त्यात कोंबायचा विचारही करू नका.

कंसातला

मूळ प्रश्नातला पद्धतीचा भाग अर्धवट राहिला, तो पुरा करतो. स्टिकी काढलंत की राउंड रॉबिन की कमीत कमी चालू रिक्वेस्ट, हा प्रश्न खरा होतो.

सगळ्या रिक्वेस्ट साधारण सारख्या वेळात संपत असतील तर राउंड रॉबिन पुरतं. तुमच्याकडे एक पान पटकन येतं आणि फोटो चढवायला वीस सेकंद लागतात, तिथे चालू रिक्वेस्ट मोजणारी पद्धत बरी. पण तिचा एक सापळा आहे आणि मी त्यात सापडलोय. एका सर्व्हरचा डेटाबेसशी संबंध तुटला. तो प्रत्येक रिक्वेस्टला क्षणात ५०० (सर्व्हरमध्ये चूक झाली) देऊन मोकळा होत होता. क्षणात मोकळा, म्हणजे त्याच्याकडे चालू रिक्वेस्ट सगळ्यात कमी. म्हणून लोड बॅलन्सर आणखी माणसं त्याच्याकडेच पाठवत गेला. हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का, ही लोड बॅलन्सरची तपासणी) मात्र हिरवा, कारण तो फक्त एक स्थिर पान मागत होता. सहातला एक सर्व्हर बिघडला होता आणि निम्म्याहून जास्त लोकांना चुका दिसत होत्या.

हेल्थ चेकने डेटाबेस तपासावा का, यावर मतभेद आहेत. तपासला आणि डेटाबेस दोन सेकंद अडखळला तर सगळे सर्व्हर एकदम आजारी ठरतात. मी मधला मार्ग घेतो: सर्व्हर स्वतःच्या गेल्या काही रिक्वेस्टमध्ये किती चुका झाल्या ते मोजतो आणि हेल्थ चेकला त्यावरून उत्तर देतो. कोणाकडे याहून चांगली रीत असेल तर जरूर लिहा.

ध्रुवपद

मीही भर घालतो, सर्व्हर काढण्याबद्दल. 'ड्रेन' हा शब्द सगळे वापरतात, पण अर्थ वेगळे असतात. एचएप्रॉक्सीत सर्व्हर ड्रेनमध्ये टाकला की नवे लोक जात नाहीत, पण आधी चिकटलेले जात राहतात. ते आपापलं काम संपवून निघेपर्यंत थांबता येतं. एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये तसं नाही. तिथे काढायला घेतलेल्या सर्व्हरला ठरलेले ३०० सेकंद मिळतात ते चालू असलेल्या रिक्वेस्ट संपवायला. चिकटलेल्या माणसाची पुढची रिक्वेस्ट दुसरीकडेच जाते. 'पाच मिनिटं मिळतात की' असं समजून लोक निवांत राहतात, पण ती पाच मिनिटं माणसाला नसतात, रिक्वेस्टला असतात. कुबरनेटिसमध्ये तर पॉडला (ॲपच्या एका चालू प्रतीला) आवरायला ठरलेला वेळ ३० सेकंदच आहे.

आणि नवी आवृत्ती थोड्या लोकांना दाखवायची असेल, समजा नव्वद-दहा असं वजन लावून, तर तिथे चिकटवणं खरंच लागतं, पण सर्व्हरला नाही, आवृत्तीला. नाहीतर पान नव्या आवृत्तीचं येतं, त्यातली जावास्क्रिप्टची फाइल मागायला ब्राउझर जातो तो जुन्या आवृत्तीकडे, आणि तिथे ती नसते. एडब्ल्यूएसमध्ये टार्गेट ग्रुपचं (सर्व्हरच्या गटाचं) चिकटवणं आणि ग्रुपच्या आतल्या सर्व्हरचं चिकटवणं ही दोन वेगळी बटणं आहेत, कुक्याही वेगळ्या. पहिलं चालू, दुसरं बंद असं ठेवता येतं. मी रात्रपाळींची कसोटी मान्य केली आहे, पण स्टिकीला सरसकट हद्दपार करू नका ते यासाठी.

अर्धविराम

तीन आठवड्यांनी परत आलो. आधी काय केलं ते सांगतो.

मसुदा आता प्रत्येक पानाला डेटाबेसमध्ये जातो. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये. सेशनमध्ये फक्त वापरकर्त्याचा क्रमांक आणि भाषा. सेशन रेडिसमध्ये, दोन प्रतींत, कुलूप चालू करून, कॅशपासून वेगळं. सेशनचं आयुष्य २४ मिनिटांवरून दोन तास केलं. स्केलिंग सीपीयूच्या सरासरीऐवजी दर सर्व्हरमागे किती रिक्वेस्ट येतात त्यावर लावलं. स्टिकी बंद केलं, फक्त मोठी कागदपत्रं तुकड्यांनी चढवायच्या मार्गावर दहा मिनिटांचं ठेवलं. तिथे सर्व्हर गेला तर ती एक फाइल परत चढवावी लागते, अर्ज जात नाही. पैसे भरून परत येण्याच्या मार्गावर आता सेशनवर विसंबत नाही, अर्जाच्या क्रमांकावरून मसुदा शोधतो.

सगळ्यात जास्त वेळ मसुद्यालाच लागला. अर्धवट भरलेलं पान साठवताना कोणत्या चुका चालवून घ्यायच्या आणि कोणत्या नाही, यावर आम्हा तिघांचे दोन दिवस गेले. लोड बॅलन्सरचं काम अर्ध्या तासाचं होतं.

मग रात्रपाळींची कसोटी. मंगळवारी दुपारी तीन सर्व्हर चालू असताना मी चाचणीचा अर्ज भरायला बसलो आणि सहकाऱ्याला सांगितलं, मला न विचारता मधेच कुठलाही एक बंद कर. तिसऱ्या पानावर उत्पन्नाचा आकडा टाकत होतो तेव्हा त्याने बंद केला, हे मला नंतर कळलं. 'पुढे' दाबलं, पान नेहमीपेक्षा क्षणभर थांबलं, आणि चौथं पान उघडलं. हेडरमधलं सर्व्हरचं नाव बदललेलं होतं. परत मागे जाऊन बघितलं, उत्पन्नाचा आकडा जागेवर.

नवीन_पाटी

आणि त्या ताई?

अर्धविराम

त्यांना त्याच दिवशी मी परत फोन केला होता. त्यांनी कागद वाचून दाखवले, मी फोनवरच भरत गेलो, फोटो तेवढा त्यांनी पुन्हा पाठवला. मुदत संपायच्या चाळीस मिनिटं आधी अर्ज सादर झाला. यंदा दुसऱ्या फेरीत त्यांच्या धाकट्या बहिणीचा अर्ज आलाय, मसुद्यांच्या तक्त्यात दिसला. दोन पानं भरून झालीत, तिसरं अजून रिकामं आहे.